चुकीच्या क्रमानं लावून आलेल्या चार तारा

३ जानेवारी, दुपारी १२
हिचं प्लास्टर आज निघालं. आतून जो हात बाहेर आला तो ओळखू येईना. पांढराफटक, बारीक, आणि बोटं जणू दुसऱ्याच कुणाची उसनी आणलेली. पेन धरायला सांगितलं, पडलं. मग नुसता कागद दिला, तोही पडला. डावा हात. वकिलाच्या ऑफिसात तीस वर्षं दहा बोटांनी टायपिंग केलेली बाई, तिला कागद धरता येईना. कागद मीच उचलला.

फिजिओबाई वयानं आमच्या मुलीएवढी आणि अधिकारानं माझ्या आईएवढी. म्हणाली, सहा आठवडे हातात आहेत. तेवढ्यात बोटं वळायला लागली तर ठीक, नाहीतर आखडून बसतील आणि मग कायमची तशीच. रोज बोटांनी काहीतरी दाबत राहा. चेंडू दाबा, कपड्यांचे चिमटे दाबा, एखादं वाद्य वाजवा, पण हात गप्प ठेवू नका.

(नोंद : ही स्टुलावरून पडली त्याला सहा आठवडे झाले. माळ्यावरची बॅग काढत होती. त्या स्टुलाचा पाय मी स्वतः बसवला आहे, त्यामुळे दोष स्टुलाचा असणं शक्यच नाही. तोल गेला असणार.)

संध्याकाळी ६
मुलीचा फोन. तिनं सगळ्यातून वाद्य हा एकच शब्द उचलला. म्हणाली, युकुलेली पाठवते, डाव्या हाताच्या बोटांनी दाबायची असते, आईसाठी एकदम बेस्ट. मग परत म्हणाली, बाबा, आईसाठी हं. दोनदा कशाला सांगायचं? मला एकदाच ऐकू आलं होतं.

५ जानेवारी
पार्सल आलं. गिटारीचं बाळ. चार तारा, नायलॉनच्या. सोबत एक पुस्तक, चौदा दिवसांत शिकवणारं. हिनं हात पुढे केला. म्हटलं, थांब. नवीन माल आला की आधी तपासणी, मग इश्यू. कारखान्याचं स्टोअर चौतीस वर्षं सांभाळलं, तपासल्याशिवाय एक वॉशरसुद्धा कुणाला दिला नाही.

संकल्प : आधी मी शिकायचं, मग हिला शिकवायचं. पोहणं, स्कूटर, मोबाईल, प्रत्येक गोष्ट मी आधी शिकलो आणि मग हिला शिकवली. (पाण्यात ती उतरली नाही. स्कूटरला हात लावत नाही. मोबाईल शेवटी मुलीनं शिकवला. पण पाया माझा.)

चौदा दिवसांचं पुस्तक मी सात दिवसांत संपवीन. उरलेले पाच आठवडे हिला. भरपूर झाले.

६ जानेवारी, सकाळी १०
तपासणीत दोष सापडला. माझ्या नजरेतून सुटणं कठीण.

तारांचा क्रम चुकलाय. वरून पाहिलं तर पहिली बारीक, दुसरी सगळ्यात जाड, तिसरी मध्यम, चौथी पुन्हा बारीक. हा काय क्रम झाला? माझ्या स्टोअरमध्ये कुणी असा बोल्टांचा रॅक लावला असता तर त्याला त्या रॅकसमोर उभा करून मी एकेक बोल्ट हातात देऊन विचारलं असतं की यातला मोठा कुठला. मोठ्यापासून लहान, नाहीतर लहानापासून मोठं. तिसरी पद्धत जगात नाही.

पॅकिंग करणाऱ्यानं घाईत लावल्या असणार. माल पाठवणाऱ्याला पत्र लिहायचं. तोवर दुरुस्ती आपणच.

दुपारी ४
दुरुस्ती झाली. चारही तारा काढून पुन्हा लावल्या. जाड, मध्यम, बारीक, अगदी बारीक. जाड तार मानेजवळच्या खाचेत बसेना, तर खाच काणशीनं जरा रुंद केली. मोबाईलवर सूर जुळवायचं ॲप घेतलं, काटा हिरवा होईतो खुंट्या पिळल्या. नायलॉन नवं असल्यामुळे ताणतं, दर पाच मिनिटांनी उतरतं. हरकत नाही. मी पण चिकट आहे.

ही दारात उभी राहून बघत होती. विचारलं, अहो, वाजवण्याआधीच उघडलीत? म्हटलं, आत काय आहे ते कळल्याशिवाय बाहेर काय येणार?

७ जानेवारी
सी कॉर्ड! चारही तारा एकदम छेडायच्या आणि बोट एकच, सगळ्यात खालची तार, मानेवरचा तिसरा पडदा. काय गोड वाजला. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, छान. (माझी दुरुस्ती बरोबर होती याचा हा पुरावा.) पहिल्या दिवसाचा धडा अर्ध्या तासात खलास. या वेगानं आठवडा सुद्धा लागणार नाही.

८ जानेवारी
दुसरा धडा, एफ कॉर्ड. पुस्तकात दाखवल्याप्रमाणे बोटं ठेवली. भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखा आवाज आला. बोटं तपासली. बरोबर. परत वाजवलं. परत कपाट.

ॲपवर तारा तपासल्या. चारही हिरव्या.

मग चुकतंय कोण? वाद्य बरोबर, बोटं बरोबर, राहिलं पुस्तक.

९ जानेवारी
जी कॉर्ड. एफपेक्षा वाईट. पुस्तकात चुका आहेत हे आता नक्की. सी तेवढा बरोबर छापलाय, तो पहिल्या पानावर असतो म्हणून कुणीतरी तपासला असेल. पुढे कोण बघतंय? हल्ली सगळं असंच.

ही म्हणाली, मी एकदा बघू का? म्हटलं, पुस्तक सुधारून देतो, मग बघ. चुकीचं शिकलीस तर ते विसरायला दुप्पट वेळ लागतो.

१२ जानेवारी, संध्याकाळी ५
हिचा पहिला तास घेतला. धडा : सी.

युकुलेली तिच्या मांडीवर ठेवली. तिनं बोट तारेवर ठेवलं, दाबलं. टक् असा बारीक आवाज आला. मी म्हटलं, अंगठा मागे. मग कोपर खाली. मग पाठ. मग म्हटलं, तारेकडे बघू नकोस, मग म्हटलं, अगं, कुठे बघतेस? मी एकूण अकरा सूचना दिल्या, सगळ्या योग्य. चार मिनिटांत तिनं वाद्य माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, आधी तुमचं होऊ दे.

मोठ्या मनाची बाई. पण खरं लिहायचं तर आवड दिसत नाही. प्रत्येकाला संगीताची ओढ असतेच असं नाही.

चेंडू दाबते का विचारलं. म्हणाली, दाबते. किती वेळा? म्हणाली, तुमचं सी सुरू झालं की.

१५ जानेवारी
प्रकाशकाला पत्र टाकलं. तीन पानी. पान चार ते त्रेसष्ट यांतल्या आकृत्या सदोष आहेत, शुद्धिपत्र काढावं, मी स्वतः तयार करून द्यायला तयार आहे, मोबदल्याची अपेक्षा नाही. सही करताना खाली लिहिलं : निवृत्त स्टोअरकीपर. वजन पडतं.

हल्ली ही दुपारी तीनला खाली टेलरकडे जाते. तिच्या जुन्या कोटाच्या बाह्या लहान करायच्या आहेत म्हणे. चांगलंय, जिना चढउतार होतो. हिंडतंफिरतं असलं की हातालाही बरं.

१८ जानेवारी
मुलीचा फोन. विचारत होती, आई वाजवते का. म्हटलं, पाया तयार होतोय. तिनं विचारलं, कुणाचा? मी म्हटलं, तुझा आवाज तुटतोय.

आज शुद्धिपत्रासाठी स्वतःच्या कॉर्ड शोधायला बसलो. पुस्तक नाही तर नाही, कान तर आपला आहे. एकूण बेचाळीस जागा दाबून पाहिल्या. त्यांतल्या सहा बऱ्या. त्या सहांपैकी पाच म्हणजे सीच निघाला, वेगवेगळ्या बाजूंनी येऊन.

२० जानेवारी, दुपारी साडेतीन
एक विलक्षण गोष्ट. दुपारी मी वाजवत असताना खालच्या मजल्यावरून तसाच आवाज वर येतो. आपलाच सूर फिरून परत येतो, आणि परत येताना जास्त गोड होऊन येतो. एफ तर एवढा सुरेख येतो की माझा मलाच ओळखू येत नाही.

या इमारतीचं बांधकाम पूर्वीचं आहे. भिंती जाड. जाड भिंतीत आवाज मुरत असावा.

याचा अर्थ मी चांगलंच वाजवतोय, फक्त जवळून कळत नाही.

२३ जानेवारी
मेव्हणा आला होता. सोफ्यावर बसला, युकुलेली पाहिली आणि म्हणाला, भावजी, ही मोठी झाली की गिटार होणार का? मी हसलो नाही. सी वाजवून दाखवला. म्हणाला, वा. पुढे? मी पुन्हा सी वाजवला. म्हणाला, आणि पुढे? मी त्याला म्हटलं, एका गोष्टीत खोल जायचं असतं. तो बहिणीकडे वळून म्हणाला, ताई, हे आता किती खोल गेलेत? ही म्हणाली, दिसेनासे झालेत.

दोघंही हसले. माणसाच्या साधनेवर हसू नये. मी हटणारा नाही.

जाताना त्यानं विचारलं, पण या वयात युकुलेली का? म्हटलं, मेंदूला व्यायाम.

लोक हे विचारतातच. फिजिओबाईनं विचारलं तेव्हा म्हटलं होतं, हिला शिकवण्यासाठी. मुलीला म्हटलं, वस्तू पडून राहू नये म्हणून. पोस्टात पत्र टाकताना तिथल्या कारकुनानं काखेतलं पुस्तक बघून विचारलं, त्याला म्हटलं, लहानपणापासून इच्छा होती. लहानपणी मी हे वाद्य कधी ऐकलं सुद्धा नव्हतं. पण चारही कारणं सांगताना खरी वाटली.

२६ जानेवारी
कोटाच्या बाह्या अजून झाल्या नाहीत. बारा दिवस! आता कोपराच्या वर गेल्या असतील. टेलर माणूस सज्जन, पण हाताला वेग नाही. मी हिला म्हटलं, मी जाऊन बोलू का? तर एकदम म्हणाली, नको नको, घाईनं शिवण बिघडते.

२८ जानेवारी
माळ्यावर जुनी काणस शोधायला स्टुलावर चढलो. स्टूल एका बाजूला कलला. मी कपाटाला धरलं म्हणून वाचलो.

फरशी उतरती असणार.

२९ जानेवारी, सकाळी ९
स्टूल सपाट जागी ठेवून पाहिला. एका कडेला भार दिला की उजवीकडचा मागचा पाय आत जातो. भार काढला की परत जागेवर येतो, काही झालंच नाही असा. मी बसवलेला पाय. स्क्रू एका मापानं लहान वापरलाय. त्या दिवशी मोठा हाताशी नव्हता, म्हटलं चालेल.

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आलो की चालेल हा शब्द स्टोअरमध्ये चालणार नाही.

आज सराव नाही. हिला चहा करून दिला. परत एकदा करून दिला. हिनं विचारलं, बरं वाटतंय ना तुम्हाला?

लोकांना चार कारणं सांगितली. पाचवं कुणी विचारलं नाही म्हणून कुठे बोललो नाही. हिचा हात माझ्यामुळे बरा झाला पाहिजे. दुसऱ्या कुणामुळे बरा होऊन चालणार नाही.

स्टूल मोडून टाकला.

१ फेब्रुवारी
पुन्हा दुप्पट जोमानं. सकाळी दोन तास, दुपारी दोन. नवा विचार : हिला वाजवायचं नसेल तर न वाजवो. ऐकून सुद्धा स्नायू सुटत असतील. गाणं ऐकताना आपली बोटं आपोआप हलतात की नाही? तेच. मी वाजवायचं, हिनं ऐकायचं, बोटं सुटायची. हे मोठमोठ्या लोकांच्या लक्षात कसं आलं नाही देव जाणे.

मी सुरू केलं की ही उठून दुसऱ्या खोलीत जाते. तिथेही ऐकू येतं, मी मुद्दाम जोरात वाजवतो.

६ फेब्रुवारी
प्रकाशकाचं उत्तर आलं. चार ओळी. आपल्या पत्राबद्दल आभार, पुस्तकाची ही नववी आवृत्ती असून अशी तक्रार यापूर्वी आलेली नाही, कृपया वाद्याच्या तारांचा क्रम एकदा तपासून पाहावा.

तारांचा क्रम! मला सांगतात! अहो, तो तर मी पहिल्याच दिवशी सुधारला!

लोक चूक मान्य करत नाहीत हे आपल्याकडचं मोठं दुखणं आहे. दुसरं पत्र लिहिणार. सहा पानी.

१० फेब्रुवारी
जिन्यात खाली कागद चिकटवलाय. टेलरच्या अक्षरात : रविवारी संध्याकाळी पाच वाजता दुकानात युकुलेली मंडळ, सर्वांचं स्वागत.

म्हणजे टेलरसुद्धा! मनुष्य इतकी वर्षं खाली शिवतोय, कधी बोलला नाही. आता कळलं कोटाला उशीर का होतोय ते. (आणि माझा सराव खाली ऐकूनच त्याला हे सुचलं असणार. माझी हरकत नाही. बी कुणी पेरलं हे माहीत असलं की पुरे.)

ठरलं. रविवारी जायचं. मंडळ म्हणजे तिथेही सगळे त्याच चुकीच्या पुस्तकावरून शिकत असणार. कुणीतरी उभं राहून सांगायला हवं.

हिला म्हटलं, रविवारी खाली जाऊन त्यांना जरा मार्गदर्शन करीन म्हणतो. हिच्या हातातला चमचा खाली पडला. उजव्या हातातला. म्हणाली, नका जाऊ. म्हटलं, लाजायचं काय त्यात?

१५ फेब्रुवारी, दुपारी १
फिजिओबाईंकडे सहा आठवड्यांची तपासणी. सकाळपासून मला घास गेला नाही. हिला काही नाही, ही आरामात केस विंचरत होती.

कागद दिला. धरला. पेन दिलं. धरलं. मग बाई म्हणाली, एकेक बोट अंगठ्याला लावा. लावली. चारही. वर पुन्हा उलट क्रमानं. मग झरझर, टाईपरायटरवर चालवावीत तशी. मी टेबलाची कड धरून बसलो होतो, ती सोडायची राहून गेली.

बाई म्हणाली, कमाल आहे, काय केलंत तुम्ही? ही म्हणाली, युकुलेली. मी लगेच म्हटलं, मीच शिकवतो. बाईनं हिच्याकडे पाहिलं. हिनं भिंतीवर हाडांचं चित्र होतं त्याच्याकडे पाहिलं.

तर झालं. हात बरा झाला. ऐकून! माझा विचार सिद्ध झाला. येताना वाटेत मी दोनदा थांबलो, चष्म्यात काहीतरी गेलं होतं.

१८ फेब्रुवारी, रविवार, रात्रीच्या जेवणाआधी
क्रमानं लिहितो.

पाचला पाच कमी असताना युकुलेली घेऊन खाली गेलो. ही दुपारीच मेव्हण्याकडे जाते म्हणून निघाली होती. दुकानात कापायचं टेबल भिंतीला लावलेलं, पाच स्टुलं गोल मांडलेली. टेलर, वाचनालयातल्या बाई, चष्म्याच्या दुकानाचा मालक, एक निवृत्त ड्रायव्हर. आणि पाचव्या स्टुलावर ही.

मांडीवर युकुलेली. टेलरची जुनी. अंगठा मागे, कोपर खाली, पाठ सरळ. कुणी न सांगता.

मी म्हटलं, तू इथे? ती म्हणाली, बसा. टेलर म्हणाला, या काका, तुमची वाटच बघत होतो, रोज वरून ऐकतो तुम्हाला. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, आम्ही सगळेच ऐकतो.

मी कापायच्या टेबलाच्या कडेवर बसलो. टेलरनं एक दोन तीन म्हटलं. सी. सगळ्यांबरोबर माझा सी असा मिळाला की अंगावर काटा आला. चार मोजून एफ. त्यांचा एफ म्हणजे तोच, दुपारी भिंतीतून मुरून यायचा तो. आणि माझा एफ म्हणजे कपाट. सगळे थांबले.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, तुम्ही सगळे एकसारखं चूक वाजवताय. पुस्तकातच चूक आहे.

कुणी हसलं नाही. त्याचं जास्त वाईट वाटलं.

टेलरनं माझी युकुलेली हातात घेतली. उलट शिवलेल्या पँटीकडे बघावं तसं बघितलं. विचारलं, काका, तारा कुणी बदलल्या? म्हटलं, बदलल्या नाहीत, सुधारल्या. मग तो हळूच म्हणाला, वरची तार बारीकच असते, ती अशीच असते, पहिल्यापासून, जगभर. म्हटलं, कुणी ठरवलं? म्हणाला, ते माहीत नाही, पण ती तशी असली की ती गोड वाजते. म्हटलं, मग सी कसा काय बरोबर यायचा? म्हणाला, सीमध्ये कुठल्या तारेनं कुठे बसावं याला फारसं महत्त्व नसतं, बाकी ठिकाणी असतं.

सहा आठवडे. शेवटी तर रोज चार तास.

त्यानं दहा मिनिटांत तारा परत लावल्या. मी कोरलेल्या खाचेत बारीक तार सैल पडून खुळखुळायला लागली, तर तिच्याखाली अस्तराची एक चिंधी सारली. मग वाजवून पाहिली आणि हिच्या हातात दिली. माझ्या हातात नाही. हिनं वाजवली. एफ, जी, परत सी. डाव्या हाताची चारही बोटं तारांवर अशी पडत होती की मला वकिलाच्या ऑफिसातली ती खोली आठवली, लग्नाआधी मी कसलं कसलं निमित्त काढून तिथे कागद टाईप करायला घेऊन जायचो ती.

मी म्हटलं, डिझाईनच चूक आहे. आणि वर आलो.

१९ फेब्रुवारी
तत्त्वाचा प्रश्न आहे. जाड तार वरच हवी. मी माझ्या मतावर ठाम आहे. फक्त बोलत नाही.

दुपारी ४
बोललो. हिला विचारलं, कोटाच्या बाह्या? म्हणाली, तो कोट कपाटातच आहे, बाहेर काढलाच नाही. विचारलं, लपून का? म्हणाली, पहिल्या दिवशी हात बरा व्हावा म्हणूनच गेले. टेलर नुसता म्हणाला, दाबा, आणि मशीनवर जाऊन बसला. बघत सुद्धा नव्हता माझ्याकडे. मग रोज जायला लागले. मग वाटलं, घरात एक तरी गोष्ट अशी असू दे जी मी तुमच्याआधी शिकले.

म्हटलं, सांगायचं होतंस. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही टेलरला शिकवायला गेला असता.

यावर मी विचार केला. गेलो असतो.

मग काय वाटलं कोण जाणे, मी स्टुलाचं सांगून टाकलं. स्क्रूचं सुद्धा. मापासकट. ही शांतपणे म्हणाली, मला माहितेय, पडतानाच पाय आत गेलेला कळला होता. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, आधी बोलणार होते. पण मग तुम्ही दिवसातून दोनदा चहा करून द्यायला लागलात, म्हटलं चालू दे.

२० फेब्रुवारी
दुसरं पत्र (सहा पानी) फाडलं. शुद्धिपत्राचा मसुदाही. प्रकाशकाला एक कार्ड टाकलं : तारांचा क्रम तपासला. आपला आभारी.

खाली निवृत्त स्टोअरकीपर लिहिलं नाही.

२२ फेब्रुवारी
युकुलेली आता हिची. हक्कानं होतीच, आता व्यवहारानंही. मी मागितली नाही. तिनं विचारलं, तुम्ही शिकणार का, मी दाखवीन. म्हटलं, बघू. म्हणजे नाही. सी विसरायलाच मला वर्ष जाईल.

टेलर जिन्यात भेटला. म्हणाला, काका, मंडळात वाजवणारे पाच आहेत, पण ऐकणारा एक नाही, आम्ही आपलं एकमेकांनाच ऐकवतो. रविवारी याल का? खुर्ची ठेवतो.

विचार करून कळवतो म्हटलं. पायरीवर उभ्या उभ्या विचार केला आणि कळवलं.

२४ फेब्रुवारी
संकल्प : उद्या फक्त ऐकायचं. बोट वर करायचं नाही. एफ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कुणी चुकलं तर चुकलं. माणसं चुकतात. (हे वाक्य परत वाचलं. माझंच अक्षर आहे.)

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
खुर्ची पहिल्या रांगेत होती. रांग एकच होती, खुर्चीही एकच. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

तीन गाणी झाली. दुसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यात, ही चुकली. एफच्या जागी जी दाबला. मला कळलं. शंभर टक्के कळलं. आवाज सोडा, बोटांचे आकार तर मला झोपेत पाठ आहेत, सहा आठवडे दुसरं केलंय काय? इतर कुणाच्या लक्षात आलं नाही. टेलरच्याही नाही, तो डोळे मिटून बसला होता. शब्द अगदी जिभेवर आला. बोट अर्धं वर गेलं होतं, त्या बोटानं मी कान खाजवला.

गप्प बसलो. शेवटपर्यंत. टाळ्या वाजवल्या, एकट्यानं पाच जणांसाठी वाजवायच्या म्हणजे हात दुखतात. लग्नाला अडतीस वर्षं झाली, एवढ्या काळात चूक दिसूनही मी बोललो नाही असा हा पहिला प्रसंग. याची कुठेतरी नोंद व्हायला हवी म्हणून इथे करतो, दुसरीकडे होण्याची शक्यता नाही.

कारण जिना चढताना हिनं विचारलं, कसं झालं? म्हटलं, छान झालं. एकदम छान. तेव्हा म्हणाली, मधे एके ठिकाणी मी चांगलीच घसरले, ते तुम्हाला कळलं नाही ना?

मी एक पायरी चढलो. म्हटलं, नाही बुवा.

म्हणाली, वाटलंच मला.

आणि इतकी हसली, इतकी हसली, की तिला जिन्याचा कठडा धरावा लागला. डाव्या हातानं धरला. घट्ट.